क्षयाचा जंतू औषधाला जुमानेनासा का होतो?

(आदिलाबाद येथे संस्थेच्या महोत्सवी व्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान)



महोत्सवाच्या आनंदात रोगाचा विषय काढणे काहींना रुचणार नाही, याची मला जाणीव आहे. पण आपल्या संस्थेच्या हिशेबात 'औषधोपचारास साहाय्य' म्हणून जे सदर असते, त्यात क्षयरोग्याचे नाव नाही असे वर्ष क्वचितच गेले असेल. अलीकडे त्या सदरात एक निराळाच प्रश्न उभा राहू लागला आहे. रोग्याने औषध घेतले, सरकारी दवाखान्यातून घेतले, आणि तरीही रोग हटला नाही. मग घरातली माणसे म्हणतात, "औषधच नकली असेल." शेजारी म्हणतात, "यानेच गोळ्या टाकून दिल्या असतील." रोगी बिचारा दोघांचेही ऐकतो आणि गप्प बसतो. या दोन्ही तर्कांपलीकडे तिसरी एक गोष्ट आहे, आणि ती जंतूच्या पोटात आहे. तीच मी आज सांगणार आहे. विषय थोडा शास्त्रीय आहे. परंतु कापूस पिकविणाऱ्या जिल्ह्याला तो समजण्यास जड जाऊ नये. का, ते पुढे येईलच.

क्षय हा आपला जुना वैरी. आपल्या वैद्यकग्रंथांनी त्याला राजयक्ष्मा म्हटले. १८८२ साली मार्च महिन्याच्या २४ तारखेस रॉबर्ट कॉख या जर्मन डॉक्टराने बर्लिन येथील सभेत या रोगाचा जंतू आपणांस सापडल्याचे जाहीर केले. त्यानंतर पाचच वर्षांनी, २६ फेब्रुवारी १८८७ रोजी, अमेरिकेहून डॉक्टर होऊन आलेल्या आपल्या आनंदीबाई जोशी पुण्यास याच रोगाने गेल्या. वयाची बावीस वर्षेही पुरी झाली नव्हती. वैरी कोण ते कळले होते, पण त्याच्यावर चालविण्यास हत्यार नव्हते. पुढे अर्धे शतक हीच स्थिती राहिली. ज्यांची ऐपत होती ते पाचगणीस किंवा मिरजेस जात. जुन्या हैदराबाद राज्यातली आपली माणसे विकाराबादजवळच्या अनंतगिरीस जात. ज्यांची ऐपत नव्हती त्यांची खाट ओसरीवर पडे, भांडे निराळे होई, आणि पुढचे सगळ्यांना ठाऊक असे.

हत्यार आले ते १९४३ साली. अमेरिकेत वॅक्समन यांच्या प्रयोगशाळेत शाट्झ या तरुण संशोधकाने मातीतल्या एका सूक्ष्मजीवापासून स्ट्रेप्टोमायसीन काढले. इंग्लंडातील वैद्यकीय संशोधन मंडळाने त्याची रीतसर परीक्षा घेतली आणि १९४८ साली निष्कर्ष छापले. ५५ रोग्यांना हे औषध दिले, ५२ जणांना नुसती विश्रांती. सहा महिन्यांत विश्रांतीवाल्यांतले १४ दगावले आणि औषधवाल्यांतले केवळ ४. मृतसंजीवनीच हाती आली, असे कोणालाही वाटावे! पण पाच वर्षांनी पुन्हा मोजदाद झाली, तेव्हा विश्रांतीवाल्या ५२ पैकी ३५ गेले होते आणि औषधवाल्या ५५ पैकी ३२. म्हणजे सहा महिन्यांत जे मिळविले, त्यातले बहुतेक पुढे गमावले. औषध तेच, रोगी तेच. मग बदलले काय? थुंकीतले जंतू तपासले तेव्हा उलगडा झाला. थोड्याच आठवड्यांत बहुतेकांच्या छातीतले जंतू असे झाले होते की स्ट्रेप्टोमायसीनचा त्यांच्यावर परिणामच होईना.

येथे आपण साहजिकच म्हणतो की जंतू औषधाला सरावला. दारूड्याला दारू चढेनाशी होते, तसे. ही उपमा सोपी आहे आणि चुकीची आहे, आणि तिच्यामुळे फार घोटाळा होतो. जंतू औषध पाहून काही शिकत नाही. १९४३ सालीच लुरिया आणि डेलब्रूक या दोघा शास्त्रज्ञांनी दुसऱ्या एका जंतूवर प्रयोग करून दाखविले की घातक गोष्टीला तोंड देणारे जंतू ती गोष्ट समोर येण्याआधीच, निव्वळ योगायोगाने, जन्मलेले असतात. औषध त्यांना घडवीत नाही. औषध त्यांच्या भाऊबंदांना मारते आणि त्यांना मोकळे रान देते.

ते जन्मतात कसे, हे समजण्यासाठी पोथीची आठवण करावी. छापखाने नव्हते तेव्हा पोथ्या हाताने उतरवून काढीत. उतरविणारा कितीही सावध असला तरी एखादे अक्षर चुके. त्याच्या पोथीवरून दुसरा उतरवी, ती चूक तशीच पुढे जाई, तीत आणखी एकीची भर पडे. ज्ञानेश्वरीत असे इतके पाठभेद शिरले की नाथमहाराजांना १५८४ साली ती शुद्ध करावयास बसावे लागले. क्षयाच्या जंतूच्या अंगीही अशी एक पोथी असते. तिची लिपी चार अक्षरांची, आणि लांबी सुमारे ४४ लाख अक्षरे. ती पुरी वाचून १९९८ साली प्रसिद्ध करण्यात आली. पोथीतले एकेक प्रकरण म्हणजे एकेक जनुक. अशी सुमारे चार हजार प्रकरणे. जंतू साधारण दिवसाला एकदा दुभंगतो आणि प्रत्येक वेळी ही पोथी नव्याने उतरवून काढतो. इतर रोगांचे कित्येक जंतू अर्ध्या तासाच्या आत दोनाचे चार होतात. त्या मानाने हा आळशी. पण काम नेटके करतो. तरीसुद्धा अक्षर चुकते.

बहुतेक चुकांनी काही बिघडत नाही, काहींनी जंतूच मरतो. एखादी चूक मात्र नेमक्या अशा जागी पडते की औषधाचा घाव तेथे बसत नाही. आयसोनायझिड या औषधापुरते बोलायचे तर दर दहा लाख जंतूंत एखादा असा निघतो; रिफॅम्पिसीनच्या बाबतीत दर दहा कोटींत एखादा. हे फार विरळ वाटेल. पण रोग्याच्या फुप्फुसात जी पोकळी पडते, तिच्यात कोटीपासून शंभर कोटीपर्यंत जंतू असतात. म्हणजे पहिली गोळी तोंडात पडण्याआधीच आत आयसोनायझिडला दाद न देणारे शेकडो जंतू बसलेले असू शकतात. एकटे आयसोनायझिड दिले तर बाकीचे मरतात, खोकला कमी होतो, वजन वाढते, घरात पेढे वाटले जातात. आणि ते शेकडो रोज दुप्पट होत राहतात.

आता दोन औषधे एकदम दिली तर काय होते ते पाहा. दोन्ही चुका एकाच जंतूत एकाच वेळी असण्याचा संभव म्हणजे दहा लाख गुणिले दहा कोटी, अर्थात एक कोटी कोटींत एक. इतके जंतू एका रोग्यात नसतात. पहिल्यातून सुटलेला दुसऱ्यात सापडतो. स्ट्रेप्टोमायसीनच्या जोडीला पॅस नावाचे औषध दिल्यास प्रतिरोध पुष्कळ कमी उपजतो, हे १९५० साली इंग्लंडात दिसून आले. १९५२ साली आयसोनायझिड आले, आणि तेव्हापासून क्षयाला एकटे औषध द्यावयाचे नाही हा नियम ठरला. आज पहिले दोन महिने चार औषधे आणि पुढले चार महिने तीन, अशी जी रीत आहे तिचे मूळ या गुणाकारात आहे. डॉक्टर उगाच मूठभर गोळ्या देत नाहीत.

मग सहा महिने कशाला, दोन महिन्यांत खोकला गेला तर? याचे कारण निराळे आहे. काही जंतू पोथीत कसलाही पाठभेद नसताना नुसते झोपी जातात. झोपलेल्या जंतूवर औषध फारसे चालत नाही; तो जागा होईपर्यंत दारात पहारा ठेवावा लागतो. पहारा उठला की तो जागा होतो आणि रोग उलटतो. असा उलटलेला रोग पुष्कळदा जुन्याच औषधांनी बरा होतो, कारण हा जंतू नुसता झोपाळू असतो. म्हणून रोग उलटला याचा अर्थ जंतू प्रतिरोधी झाला असाच घेऊ नये. दोन्हींत भेद आहे आणि तो तपासणीनेच कळतो. चेहरा पाहून कळत नाही, एक्स-रे पाहूनही कळत नाही.

कापसाचा उल्लेख मी प्रारंभी केला. आपल्याकडे आणि पैनगंगेपलीकडे यवतमाळात गुलाबी बोंडअळीने काय केले ते येथे बसलेल्या शेतकरी बंधूंना सांगावयास नको. बीटी कापसाला आपल्या देशात २००२ साली परवानगी मिळाली. त्या बियाण्यात अळीला मारणारे एकच जनुक होते. २००६ साली दोन जनुकांचे बियाणे आले. अळीने आधी पहिले पचविले, मग दुसरे. २०१७ च्या हंगामात बोंडे फोडली तर आत सरकी खाल्लेली. दोन कुलुपे एकदम लागली असती तर चोराला जड गेले असते. एकामागून एक लागली, एकामागून एक फुटली. क्षयाच्या उपचारात हेच पाप वारंवार घडले आहे. चालू औषधाने गुण येईना की त्यात एक नवे औषध घालायचे. जंतू जुन्यांना आधीच पुरून उरलेला असतो; नवे एकटेच पडते, आणि तेही जाते. उपमा येथवरच बरोबर आहे, हेही सांगितले पाहिजे. बीटीच्या शेताभोवती साध्या कापसाचे ओळे लावायला सांगत, ते साध्या अळ्या जगाव्यात आणि त्यांचा संकर होऊन ताठरपणा पातळ व्हावा म्हणून. जंतूंत लग्ने होत नाहीत. तेथे एकही जिवंत ठेवण्यात शहाणपण नाही.

आता नेमके कोणते अक्षर चुकते, ते थोडक्यात सांगतो. रिफॅम्पिसीन म्हणजे ती लाल गोळी, जिने लघवी केशरी होते आणि रोगी घाबरून जातो. घाबरण्याचे कारण नाही. औषध पोटात गेल्याची ती खूण आहे. जंतूची पोथी वाचून दाखविणारा जणू एक पुराणिक जंतूच्या अंगात असतो. हा लाल औषधाचा कण त्या पुराणिकाच्या घशात अडकून बसतो. वाचन थांबते, जंतू मरतो. पुराणिकाचा घसा ज्या प्रकरणात लिहिलेला असतो त्याला आरपीओ-बी म्हणतात. त्या प्रकरणातली केवळ ८१ अक्षरांची एक जागा आहे. रिफॅम्पिसीनला न जुमानणारे शंभर जंतू घेतले तर सुमारे पंच्याण्णवांची चूक त्या ८१ अक्षरांतच सापडते. त्यांतही एक चूक फार आढळते: एका अक्षराच्या जागी दुसरे पडते, सेरीनऐवजी ल्यूसीन येते, घशाचा आकार किंचित बदलतो, आणि औषधाला बसायला जागा राहत नाही. ४४ लाखांतले एक अक्षर! १९९३ साली हे उघड झाले.

आयसोनायझिडची कथा याहून मजेची आहे. ते पोटात जाते तेव्हा विष नसतेच. जंतूचेच एक पाचकद्रव्य त्याला फोडते आणि मग त्याचे विष होते. ते विष जंतूच्या अंगावरचे मेणाचे कवच तयार होऊ देत नाही. म्हणजे जंतू आपल्या हाताने आपले मरण शिजवितो. हे पाचकद्रव्य कॅट-जी नावाच्या प्रकरणात लिहिलेले आहे, हे १९९२ साली कळले. तेथे ३१५ व्या जागी चूक पडली की जंतू औषध फोडीनासा होतो, आणि त्याचे स्वतःचे काम मात्र बहुतांशी चालू राहते. दुसरी वाट म्हणजे विष ज्या द्रव्यावर घाव घालते तेच द्रव्य जंतू अधिक प्रमाणात बनवू लागतो. हा बदल इन्ह-ए या प्रकरणाच्या आरंभीच असतो. हे दोन भेद डॉक्टरांना कामाचे आहेत. दुसऱ्या वाटेने गेलेल्या जंतूवर आयसोनायझिडची मोठी मात्रा चालण्यासारखी असते. पहिल्या वाटेच्या जंतूवर तिचा भरवसा कमी.

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे. इतर पुष्कळ जंतू असे पाठभेद एकमेकांकडून उसने घेतात. क्षयाचा जंतू असे करीत नाही. त्याचा प्रतिरोध त्याच्या घरचाच असतो आणि बापाकडून मुलाकडे जातो. म्हणून आज जो प्रतिरोधी जंतू एखाद्या छातीत आहे, त्याचा पूर्वज कोठेतरी, कोणाच्या तरी अपुऱ्या किंवा चुकीच्या औषधात वाढलेला आहे. ते कोणाच्या, हे मात्र त्या छातीकडे पाहून सांगता येत नाही.

चुकीचे औषध कसे दिले जाते याचा दाखला मुंबईने दिला. डॉ. मुकुंद उपलेकर आणि शेपर्ड यांनी १९९१ साली धारावीतल्या खाजगी डॉक्टरांविषयी एक लेख प्रसिद्ध केला. शंभर डॉक्टरांनी एकाच रोगासाठी ८० निरनिराळे उपचार लिहून दिले होते! पुढे सुमारे वीस वर्षांनी, २०१० साली, डॉ. झरीर उडवाडिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तेथेच पुन्हा पाहणी करून ती छापली. १०६ डॉक्टरांना प्रतिरोधी क्षयाचा उपचार विचारला, तर बरोबर लिहिणारे निघाले तीन. २०११ च्या डिसेंबरात याच उडवाडियांनी हिंदुजा रुग्णालयातल्या चार रोग्यांविषयी लिहिले. त्यांच्या जंतूवर तपासलेल्या औषधांपैकी एकही चालत नव्हते. सरकारने 'पूर्ण प्रतिरोधी' या शब्दाला हरकत घेतली, आणि शब्दावर वाद पुष्कळ झाला. मला त्या वादात रस नाही. मला महत्त्वाचे वाटते ते त्यांच्या टिपणातले दुसरेच वाक्य: चारांपैकी तिघांना अठरा महिन्यांत सरासरी चार डॉक्टरांनी औषधे दिली होती, आणि ती एकेक करून वाढविली होती. बोंडअळीचीच गोष्ट. २०१२ च्या मे महिन्यात प्रत्येक क्षयरोग्याची नोंद सरकारला कळविणे सर्व डॉक्टरांना बंधनकारक झाले, आणि त्याच वर्षी क्षयासाठी रक्ताच्या फसव्या तपासण्या करण्यास बंदी आली. मुंबईच्या या गाजावाजाचा एवढा तरी उपयोग झाला.

आता त्या गप्प बसलेल्या रोग्याकडे येऊ. २०१४ ते २०१६ या काळात आपल्या देशात औषधप्रतिरोधाची पहिली राष्ट्रीय पाहणी झाली. ज्यांनी पूर्वी क्षयाचे औषध घेतले होते, त्यांच्यापैकी शंभरात ११.६० जणांचा जंतू आयसोनायझिड आणि रिफॅम्पिसीन या दोन्ही मुख्य औषधांना जुमानत नव्हता. हे अपेक्षितच होते. पण ज्यांनी जन्मात क्षयाची गोळी घेतली नव्हती अशा नव्या रोग्यांतही शंभरात २.८४ जण तसेच निघाले. आकडा लहान दिसतो. पण नवे रोगी पुष्कळ असतात, म्हणून माणसे मोजली तर ती थोडी नाहीत. या लोकांनी कोणती गोळी टाकून दिली? कोणतीही नाही. त्यांना तो जंतू तसाच, तयार प्रतिरोधी, दुसऱ्याच्या खोकल्यातून मिळाला. एस. टी.त शेजारी बसलेल्याकडून, जिनिंगच्या शेडमधल्या सोबत्याकडून, कदाचित स्वतःच्या नवऱ्याकडून किंवा सासूकडून. मुंबई परिसरातल्या जंतूंच्या पोथ्या वाचून २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासातही असेच दिसले की प्रतिरोधी जंतूंत काही मोजक्या वंशांचा भरणा फार आहे, म्हणजे एकच कुळ माणसामाणसांतून पसरत चालले आहे. तेव्हा, "गोळ्या नीट घेतल्या असत्या तर ही वेळ आली नसती," हे वाक्य कोणाही रोग्याच्या तोंडावर टाकण्याआधी आपण थांबावे. सून असेल तर विशेष थांबावे. आपल्या घरांत तिला हे वाक्य फार लवकर ऐकावे लागते.

तपासणीची सोय पूर्वी फार कष्टाची होती. थुंकीतला जंतू काचेच्या नळीत वाढवून त्यावर औषध टाकून पाहावे लागे. आळशी जंतू, दोन-तीन महिने सहज जात, आणि तोवर रोगी चुकीचेच औषध खाई. आता त्या ८१ अक्षरांची जागा यंत्रच वाचते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१० साली जीनएक्स्पर्ट या यंत्राला मान्यता दिली. ते सुमारे दोन तासांत जंतू आहे की नाही आणि रिफॅम्पिसीन चालेल की नाही, हे सांगते. आपल्याच देशात गोव्याच्या कंपनीने बनविलेले ट्रूनॅट हे यंत्र बॅटरीवर चालते, म्हणून वीज बेभरवशाची असलेल्या आरोग्य केंद्रातही त्याचा उपयोग होतो. त्याला २०२० साली मान्यता मिळाली. आपल्या गोंड आणि कोलाम गुड्यांकडून जिल्ह्याच्या ठिकाणी यायला दिवस मोडतो, त्यांच्यासाठी ही लहान गोष्ट नव्हे. मात्र एक सावधगिरी बाळगावी. ही पहिली तपासणी मुख्यतः लाल औषधापुरते बोलते. ती 'चांगली' आली तरी आयसोनायझिड चालेलच असे नाही. वर सांगितलेल्या पाहणीत नव्या रोग्यांपैकी शंभरात ११ जणांचा जंतू आयसोनायझिडला जुमानत नव्हता. त्यासाठी थुंकी पुढच्या प्रयोगशाळेत जाते. तो दुसरा कागद परत आला की नाही, हे रोग्याच्या माणसाने विचारले पाहिजे. विचारण्यात संकोच कसला?

जंतू प्रतिरोधी निघाला तर सर्व संपले, असेही आता राहिलेले नाही. पूर्वी दोन वर्षांपर्यंत औषधे आणि महिनोन्‌महिने सुया टोचून घ्याव्या लागत. त्या सुयांनी कित्येकांचे कान गेले. मुंबईच्या नंदिता वेंकटेशन यांची श्रवणशक्ती अशीच गेली. पुढे त्यांनी आणि दक्षिण आफ्रिकेच्या फुमेझा टिसिले यांनी बेडाक्विलीन या नव्या औषधाच्या पेटंटची मुदत वाढू नये म्हणून अर्ज केला, आणि २०२३ च्या मार्चमध्ये भारतीय पेटंट कार्यालयाने कंपनीची मागणी फेटाळली. त्याच वर्षी मूळ पेटंट संपले आणि स्वस्त औषधाची वाट मोकळी झाली. २०२४ च्या सप्टेंबरात आपल्या सरकारने बेडाक्विलीनसह चार औषधांचा, सुईवाचून, सहा महिन्यांचा उपचार मान्य केला. पण जंतूची पोथी उतरविणे काही थांबलेले नाही. बेडाक्विलीनला न जुमानणारे पाठभेदही सापडू लागले आहेत. हे शेवटचे कुलूप आहे असे समजून वागलेले बरे.

आपल्या जिल्ह्याची एक खास अडचण आहे. १९५६ साली राज्ये फिरली, किनवट नांदेडकडे आणि राजुरा कालांतराने चांद्याकडे गेले. पण आपली सोयरीक, बाजार आणि मजुरी पैनगंगेच्या दोन्ही काठांना राहिली. वेचणीला माणूस इकडून तिकडे जातो, लग्नाला महिनाभर राहतो, बाळंतपणाला मुलगी माहेरी येते. औषध मात्र एका दवाखान्यात अडकलेले असते. असा खंड पडला की चारांतली दोनच औषधे पिशवीत उरतात, किंवा माणूस तेथल्या एखाद्या दुकानातून मिळेल ती गोळी घेतो, आणि पुढचे मी मघाशी सांगितलेच. हे टाळता येते. निक्षय नावाच्या सरकारी नोंदीत प्रत्येक रोग्याला एक क्रमांक मिळतो, आणि त्या क्रमांकावर त्याचा उपचार दुसऱ्या जिल्ह्यात, दुसऱ्या राज्यातही वळविता येतो. जाण्याआधी दवाखान्यात सांगितले पाहिजे, एवढेच. क्रमांकाचा कागद शिधापत्रिकेबरोबर ठेवावा.

आता संस्थेसंबंधी दोन शब्द बोलण्याची परवानगी घेतो. साहाय्याचा अर्ज येतो तेव्हा आपण उत्पन्नाचा दाखला पाहतो. क्षयरोग्याच्या बाबतीत, विशेषतः दुसऱ्यांदा औषध सुरू होत असेल तर, थुंकीच्या प्रतिरोध-तपासणीचा कागदही मागावा. तो नसेल तर अर्ज नाकारू नये. आधी त्या तपासणीसाठी जाण्यायेण्याचे भाडे द्यावे, आणि सोबत जाणाऱ्याची बुडालेली मजुरी द्यावी. औषध सरकार फुकट देते. आहारासाठी २०१८ पासून महिना ५०० रुपये मिळत, ते २०२४ च्या नोव्हेंबरापासून १००० झाले आहेत. आपला पैसा जेथे सरकारचा पोचत नाही तेथे लागावा, आणि तो बहुधा बसच्या तिकिटात आणि बुडालेल्या रोजात असतो. घरातल्या लहान मुलांचीही तपासणी करून घ्यावी. रोग्याचा जंतू प्रतिरोधी असेल तर घरच्यांना रोग होऊ नये म्हणून द्यावयाचे औषधही वेगळे असते. जागतिक आरोग्य संघटनेने २०२४ साली त्यासाठी लेव्होफ्लोक्सॅसीनचे सहा महिने सुचविले आहेत. ते घ्यावे की नाही हे डॉक्टर ठरवितील.

आणि एक विनंती, थोडी नाजूक. आपल्या वार्षिक अहवालात साहाय्य घेणाऱ्यांची नावे, गाव आणि रोग यांसह छापण्याचा प्रघात आहे. हिशेब चोख असावा यासाठी आपल्या वडीलधाऱ्यांनी तो पाडला, आणि त्यात त्यांचा हेतू शुद्ध होता. परंतु ज्या घरात लग्नाची मुलगी आहे, ते घर हा अहवाल आठवून अर्जच करीत नाही. रोगी गुपचूप औषध घेतो, गुपचूप सोडतो. क्षयरोग्यांपुरते तरी नावाच्या जागी नुसता अनुक्रमांक छापावा, आणि नावाची वही कोषाध्यक्षांच्या कुलपात राहावी. हा ठराव येत्या सभेपुढे मांडण्याविषयी मी चिटणीसांना पत्र दिले आहे.

वेळ झाला आहे. कोणाला काही विचारावयाचे असल्यास मी येथेच थांबलो आहे. सभेत विचारणे प्रशस्त वाटत नसेल त्यांनी नंतर मागच्या ओसरीवर यावे.